पडदा दहा इंची, आणि इंजिनाला ताप किती ते माहीत नाही

आजची नोंद वावरातली नाही, सदरमधली आहे. पण ज्याच्या दारात पिकअप उभी आहे त्यानं वाचावी. आणि ज्या कृषी पदवीधर मित्रांना वाटते की हा आपला विषय नाही, त्यांनी तर नक्कीच वाचावी.

मागच्या आठवड्यात सदरला गेलो. दिवस मंगळवार, म्हणजे मंगळवारी बाजार भरलेला, गाडी लावायला जागा नाही. चार दुकानं फिरलो. सगळीकडे एकच मागणी केली : पिकअपले दोन गेज पाहिजेत, एक पाण्याच्या तापमानाचं अन् एक ऑइल प्रेशरचं. पहिल्या दुकानात पोरानं दहा इंची टचस्क्रीन काढून दाखवली. दुसऱ्यात एलईडी बार. तिसऱ्यात सीट कव्हर आणि एकाच हॉर्नमधून निघणारे डझनभर आवाज. चौथा म्हणाला, "काका, कंपनीनं नाही देल्लं म्हंजे लागत नसन ना."

या एका वाक्यासाठी आजची पोस्ट लिहितो आहे. कारण हे वाक्य त्या पोराचं नाही, आपलं सगळ्यांचं आहे.

कंपनीनं काय दिलं ते आधी पाहू. पाण्याच्या तापमानाचा एक काटा आणि ऑइल प्रेशरचा एक लाल दिवा. बस. काही गाड्यांत काटाही नाही, तिथंही दिवाच. आता त्या ऑइलच्या दिव्यामागे काय असते? साधा स्विच. प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेलं की स्विच लागतो आणि दिवा पेटतो. माल भरून चाललेल्या इंजिनाला तीन-चार बार प्रेशर लागते. म्हणजे चारावरून घसरत एकावर आलं तरी दिवा गप्प. विहिरीचं पाणी किती खाली गेलं हे मोटर हवा ओढायला लागल्यावरच कळणार असेल, तर त्याला तुम्ही मोजमाप म्हणाल का? दिवा पेटेपर्यंत बेअरिंगनं आपला हिशोब चुकता केलेला असतो.

तापमानाच्या काट्याची गोष्ट तर आणखी वाईट. बऱ्याच नव्या गाड्यांत हा काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. पाणी पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर आलं की काटा मध्यावर येतो, आणि शंभराच्या पुढे जाईपर्यंत तिथंच बसतो. गिऱ्हाईकानं काटा हलताना पाहून घाबरू नये, रोज शोरूमला येऊ नये, म्हणून. शहरातल्या ऑफिसला जाणाऱ्या कारसाठी ते चालून जाईल. मार्च-एप्रिलच्या उन्हात संत्रा भरून कळमन्याला जाणाऱ्या गाडीसाठी ती फसवणूक आहे. मी हाच शब्द वापरणार.

मला हे कसं कळलं? इंजिन गमावून. दोन वर्षांमागे मृगाचा शेवटचा तोडा घेऊन काटोलकडून येत होतो. भार जास्त होता, कबूल करतो. पासिंग दीड टनाचं, मागे दोनाच्या वर माल. फेटरीपर्यंत काटा मधोमध, जसा रोज असतो तसा. मग एकदम वाफ. होजला बारीक चीर पडली होती, पाणी कित्येक किलोमीटर आधीपासून गळत होतं. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की बंद पडायच्या आधी काटा वर नाही गेला, थोडा खालीच आला. कारण सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उतरलं की तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि खोटं बोलतो. मी मनात म्हटलं, गाडी थंड झाली. हेड वाकलं, गॅस्केट गेलं. मशीनिंग आणि जोडणीत तीन आठवडे गाडी उभी, आणि राहिलेला माल दुसऱ्याच्या गाडीत त्याच्या भावानं. हप्ता काही तीन आठवडे थांबला नाही.

आकडे दाखवणारं गेज असतं तर ८८ वरून ९६, मग १०४ असं चढताना दिसलं असतं. तिथंच गाडी बाजूला घेतली असती, होज बांधला असता, आणि अर्ध्या दिवसात घरी.

आता ट्रॅक्टरकडे पाहा. जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा, तापमानाचा काटा, अँपिअर मीटर, तासांचं मीटर, सगळं असते. आपल्या बापजाद्यांना हिरवा पट्टा-लाल पट्टा वाचता येत होता. काटा हिरव्यातून उतरला की नांगर थांबायचा. तोच शेतकरी पिकअपमध्ये बसला की त्याला काहीच कळत नाही असं कंपनीनं कोणाला विचारून ठरवलं? आणि आपण ते मानलं कसं? वरून गाडीला साजशृंगार. बंपरवर नाव, आत निळे लाइट, डेकवर गाणी. इंजिनाचा ताप पाहायला दोन हजार रुपये काढताना मात्र हात आखडतो.

कृषी खात्यातले आणि कंपन्यांचे मित्रहो, तुम्हीही सुटत नाही. जमिनीचा सामू मोजा म्हणता, ईसी मोजा म्हणता, संत्र्याचा ब्रिक्स मोजा म्हणता. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका हातात दिली, चांगलंच केलं. पण तो मोजूनमापून पिकवलेला माल ज्या इंजिनावर बाजारात जातो, त्याचं काहीच मोजू नका? ड्रिपच्या लॅटरलमध्ये क्षार बसतात म्हणून ॲसिड सोडायला शिकवता. तेच बोअरचं जड पाणी आम्ही रेडिएटरमध्ये ओततो, तिथंही तेच क्षार बसतात, हे एकदा तरी शिवारफेरीत सांगा ना.

असो. सदरला परत येतो. गेज शेवटी मिळालं, ट्रकचं सामान ठेवणाऱ्या एका जुन्या दुकानात. पण खरा धोका तिथून पुढे सुरू होतो. बसवणारा. मागच्या वेळी, म्हणजे इंजिन बांधून झाल्यावर, एका फिटरकडून गेज बसवून घेतलं होतं. त्यानं वीस मिनिटांत काम केलं आणि मी खुश झालो. नंतर उघडून पाहिलं. वायर थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही. फायरवॉलच्या उघड्या पत्र्याच्या भोकातून वायर ओढलेली, रबरी बुश नाही. जोड पिळून वर काळी टेप. मे महिन्यात टेपचा गोंद वितळला, पत्र्यानं वायरचं कव्हर कापलं, आणि एका दुपारी केबिनमध्ये जळका वास. गाडी पेटली नाही हे नशीब. आणि ज्या मूळ सेन्सरची वायर कापून त्यानं दोन्ही काट्यांना जोडली होती, तिच्यामुळे दोन्ही काटे चुकीचं दाखवत होते. म्हणजे पैसे देऊन मी एक खोटारडा होता त्याचे दोन केले.

म्हणून या वेळी उभा राहून करून घेतलं. मूळ सेन्सरला हात लावू दिला नाही. तापमानासाठी वेगळा सेन्सर, रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा घालून. इथं एक गंमत आहे : तो तुकडा दोन्हीकडून रबरात असतो, त्याला इंजिनाची अर्थिंग मिळत नाही. वेगळी अर्थिंगची वायर द्यावीच लागते. नाहीतर काटा हलत नाही आणि लोक म्हणतात गेज डुप्लिकेट आहे. पुरवठा इग्निशनवरून, सुरुवातीलाच तीन अँपिअरचा फ्यूज, वायर जाळीदार पाइपातून, भोकाला रबरी बुश.

ऑइलचं काम यापेक्षा नाजूक. मूळ स्विच ठेवायचाच, टी लावून दोन्ही बसवायचे. पण आटे तपासा, भाऊ. दहा मिलिमीटरचे मेट्रिक आटे आणि पाव इंचाच्या निम्म्या मापाचे पाइपचे आटे डोळ्यांना सारखेच दिसतात, दोन-अडीच फेऱ्या आतही जातात. मग फिटर पाना लावून ताकद करतो आणि ब्लॉकचे आटे जातात. जुना स्विच काढून लेथवाल्याकडे न्या, तो गेजनं मोजून सांगेल. टेफलॉन टेप गुंडाळगुंडाळ करू नका. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळते, आणि टेपचा धागा ऑइलच्या वाटेत गेला तर वेगळीच आफत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जड सेन्सर पितळी टीवर इंजिनालाच टांगणे. डिझेलच्या हादऱ्यानं पितळ एक दिवस मानेत तुटते आणि इंजिनाचं ऑइल रस्त्यावर. लवचीक होज घेऊन सेन्सर बॉडीला क्लॅम्पनं बांधा. आणि ज्या गेजमध्ये गरम ऑइलची नळीच केबिनमध्ये येते, ते स्वस्त असलं तरी नको. नळी सुटली तर ते ऑइल तुमच्या पायावर येते.

टर्बोच्या बूस्टचं गेज आणि एक्झॉस्टच्या तापाचं गेज? पोरं विचारतात. ज्यानं इंजिनाची ट्यूनिंग बदलली त्याला लागेल. संत्रा आणि खत वाहणाऱ्याला नाही. त्या पैशात नवे होज आणि कूलंट टाका. जुन्या ट्रॅक्टरचा अँपिअर मीटर काढून पिकअपमध्ये लावण्याची हौसही नको, त्यातून गाडीचा सगळा करंट जातो. व्होल्ट मीटर लावा. बंद गाडीत साडेबाराच्या आसपास, चालू गाडीत पावणेचौदा ते साडेचौदा, एवढं समजलं तरी अल्टरनेटरची तब्येत कळते.

वॉरंटीचं म्हणाल तर हा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत वायरिंग कापणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. शिवाय त्याच सेन्सरवरून इंजिनाचा कंप्युटर निर्णय घेतो. अशा गाडीला आधी स्कॅनरच्या सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र लावा, मोबाइलवर पाण्याचं तापमान आणि व्होल्टेज आकड्यात दिसते. ऑइल प्रेशर मात्र बहुतेक वेळा तिथं दिसणार नाही. जिथं मुळात स्विचच आहे तिथं कंप्युटर तरी आकडा कुठून आणेल?

एक आक्षेप राहिला : "बाहेरचं गेज तरी खरं कशावरून?" बरोबर विचारता. ३० मे २०२४ ला आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. दुसरी काही केंद्रं त्याच दिवशी ४४ च्या आसपास होती. म्हणून खात्यानं थर्मामीटर फेकून दिले का? दुसऱ्याशी ताडून पाहिलं. तुम्हीही तेच करा. बसवण्याआधी सेन्सर गेजला जोडा, अर्थिंग द्या, आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात धरा. आपल्याकडे पाणी ९९ अंशांवर उकळते. काटा ९५ ते १०३ मध्ये आला तर चालेल. माझ्या पहिल्या गेजनं ८२ दाखवले. दुकानदारानं कुरकुर करत बदलून दिलं.

माझ्या गाडीचे आकडे लिहून ठेवतो, तुमचे ताडून पाहा. रिकामी गाडी, सकाळी : ८४. दीड टन माल, दुपारी दोनला, कळमेश्वरच्या पुढे : ९३. ऑइल गरम झाल्यावर आयडलवर सव्वा बार, चालताना साडेतीन. पुढच्या मंगळवारी चुलतभावाची गाडी घेऊन जातो आहे. टी लेथवर टाकून आलो आहे.