रोग झाला, आता सोडून काय उपयोग?



वस्तीत कुणाला कॅन्सर झाला की आम्ही कार्यकर्ते आधी कागदपत्रांसाठी धावतो. रेशनकार्ड, आधार, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज. ते करायलाच हवे. पण परळच्या टाटा रुग्णालयातून पेशंट घरी आला की पुढे काय? शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. खाणे, चालणे आणि तंबाखू सोडणे मात्र घरीच घडते किंवा बिघडते.

आणि घरात हमखास एक वाक्य ऐकू येते, "रोग झालाच आहे, आता सोडून काय उपयोग?"

वाचकहो, उपयोग आहे. कॅन्सर झाल्यावरही विडी-सिगारेट ओढत राहणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढते आणि दुसरा नवा कॅन्सर होण्याचा धोकाही वाढतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात आहे. ओढणे थांबवले तर शस्त्रक्रियेची जखमही बरी भरते. आमच्या माता-भगिनी मशेरीला तंबाखू समजतच नाहीत. पण तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच.

सवय एकट्याने सुटत नाही, हे खरे. त्यासाठीच १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर २०१६ पासून आहे. फोन मोफत लागतो. "मराठीत बोलायचे आहे" असे सुरुवातीलाच सांगा. समुपदेशक सवय किती जुनी आहे ते विचारतात, सोडण्याचा दिवस ठरवायला मदत करतात, पुढेही विचारपूस करतात. तलफ आली की काय करायचे तेही सांगतात. हा नंबर २०१८ पासून तंबाखूच्या पुडीवरच छापतात. घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर मात्र तो नसतो. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा.

जेवण आणि चालण्याविषयी आपल्याच रुग्णालयातील डॉक्टर वा आहारतज्ज्ञ फोनवर सल्ला देतात का, ते घरी निघतानाच विचारून ठेवा. साध्या तक्रारींसाठी सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा आहे. एप्रिल २०२० पासून तीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. फोन लावण्यापूर्वी फाईल जवळ घ्या आणि चार गोष्टी कागदावर लिहा: वजन किती, काल काय खाल्ले, गिळताना त्रास होतो का, किती पावले चालवले. शेजारी सांगतात म्हणून पेशंटला नुसत्या रसावर ठेवू नका; आधी विचारा. मन खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

मात्र फोन म्हणजे दवाखाना नव्हे. केमो चालू असताना ताप आला, रक्त पडले, दम लागला, तर फोनवर वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा. आणि फोनवरून "हमखास औषध" विकणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. नशेपासून दूर राहण्याचे पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. पण ते शील काठीसारखे पेशंटच्या डोक्यात घालू नका. ज्याला रोग झाला त्याला बोल नको, सोबत हवी.

तरुणांनो, मोबाईल तुमच्या हातात आहे. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या एका पेशंटच्या घरी जा, शेजारी बसा आणि नंबर लावून द्या. एवढे काम पंधरा मिनिटांचे आहे.