हात आवरण्याची वेळ

१९१७. महायुद्ध ऐन भरात होतं आणि कितीतरी शिकाऊ वैमानिक आघाडीवर पोचण्याआधी सरावातच मरत होते. इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी शिक्षकांनाच शिकवायला घेतलं. ॲव्रो ५०४ विमानात शिक्षक आणि विद्यार्थी दोघांकडे कंट्रोल, बोलायला नळी. आणि मुख्य म्हणजे, गरगरत कोसळणाऱ्या विमानाची भीती घालायची नाही. शिक्षक सोबत असताना मुद्दाम त्या गरगरण्यात शिरायचं, कारण समजून घेत बाहेर यायचं.

या पद्धतीत मला सर्वांत अवघड वाटतं ते शिक्षकाचं थांबणं. चूक दिसतेय, हात शिवशिवतायत. तरी पुरेशी उंची आहे तोवर विद्यार्थ्याला स्वतः सावरू द्यायचं. या अंकातल्या प्रशिक्षकांच्या अनुभवांत असे क्षण आले, तिथे मी वाचताना पेन्सिलीने खुणा करत गेलो.