स्वभाव की नजर?

बारा वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला घेऊन त्याची आई दवाखान्यात आली. काही महिन्यांपासून मुलगा जिना उतरताना अडून बसे, डोळे चोळी, चित्राचे पुस्तक अगदी नाकाशी धरी. शाळेतल्या मदतनीस बाई म्हणाल्या, ‘ऑटिझममुळे करतो.’ खरे सांगायचे तर आधी मीही तेच म्हटले होते. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर निघाला. चष्मा अंगवळणी पडल्यावर मुलगा आपला आपण जिना उतरू लागला.

स्वमग्न मुलांत तिरळेपणा व चष्म्याचा नंबर इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो. काही मुले मोजकेच पदार्थ खातात. त्यांच्यात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून दृष्टीला इजा होऊ शकते. ‘मला नीट दिसत नाही’ हे मात्र यातल्या अनेकांना सांगता येत नाही. मग दोष स्वभावावर जातो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. परंतु पथक वर्षातून एक-दोनदा येणार आणि अठरा वर्षांनंतर तेही नाही. मदतनीस मात्र रोज सोबत असतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, विशेष शाळा आणि प्रौढांच्या केंद्रांतील प्रत्येक मदतनिसाला एक दिवसाचे नेत्रप्रशिक्षण द्यावे.

शिकवायचे ते थोडकेच. वस्तू जवळ धरणे, मान कलती करणे, एक डोळा मिटणे, पायरीशी चाचपडणे, संध्याकाळी अडखळणे, सतत डोळे चोळणे. यांतले काही स्वमग्नतेतही दिसते. निदान करणे मदतनिसाचे काम नव्हे. नवा बदल वहीत तारखेसह टिपून पालकांना सांगणे, एवढेच. बाहुलीत पांढरी झाक दिसली किंवा दृष्टी एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘हा अक्षरे वाचत नाही, तपासणार कशी?’ असे पालक विचारतात. डोळ्यात उजेड टाकूनही नंबर काढता येतो. आदल्या दिवशी तपासणीची खोली दाखवून आणावी, गर्दी नसलेली वेळ मागून घ्यावी.

संस्थाचालकांनो, खर्च फारसा नाही. जवळच्या नेत्रतज्ज्ञांना एक दिवस बोलवा. एखाद्याचा ‘हट्ट’ चष्म्यानेही सुटेल!