आता कुठं जायचं?

मराठवाड्याची शेतं पुरानं खरवडून नेली, मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, शाळेतल्या हिंदीवरून रान पेटलं. त्यावर अंकाच्या आतल्या पानांत भरपूर आहे. इथं वर्षभर डाचत राहिलेली एकच गोष्ट.

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून एखाद्या तान्ह्या बाळाचा फोटो येतो. आजार स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. इंजेक्शन कोट्यवधी रुपयांचं. खाली क्यूआर कोड. माणसं पैसे देतात, मनापासून देतात. पण निदानाचा कागद हाती पडल्यावर त्या आईबापांना आधी हवं असतं ते 'आता कुठं जायचं' हे सांगणारं माणूस. तेच भेटत नाही.

केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण 2021 चं. नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांत 2022 पासून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. असं एक केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. दूर धडगावच्या घरी हे कोण सांगणार? शिवाय गॉशेसारख्या दुसऱ्या दुर्मिळ आजारात दर पंधरवड्याला शिरेतून एन्झाइम द्यावं लागतं, जन्मभर. मात्रा वजनावर ठरते. मूल वाढतं तसा खर्च वाढतो आणि 50 लाख संपून जातात.

त्याहून जिवाला लागणारं घरातच घडतं. 'हिच्या माहेरचंच काहीतरी असणार!' एसएमएचं सदोष जनुक बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून आलेलं असतं. दोघंही धडधाकट असतात, आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारांत एक असा धोका असतो. अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. हे सासूला, दिराला, मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवणाऱ्या घराला समोर बसवून समजावणं हाही उपचारच आहे. त्याला एका समुपदेशकाचा पगार पुरतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची केंद्रं जिल्हा रुग्णालयांत आहेतच. तिथं आनुवंशिक आजारांचं समुपदेशन शिकलेलं एक माणूस कायम नेमा, ही आमची मागणी आहे. त्यानं मदतीची फाइल लावून द्यावी, केईएमची तारीख घ्यावी, जवळ फिजिओथेरपी कुठं मिळेल ते सांगावं, त्याच आजाराच्या दुसऱ्या घराशी गाठ घालून द्यावी. आज हे सगळं पालकांच्या संघटना करतात, स्वतःचं आजारी मूल सांभाळून.

यंदाच्या अंकाचा विषय 'शेजार'. त्यात अशाच पालकांवरचा लेख आहे. कथा-कवितांकडे वळण्याआधी तो वाचा. आणि पुढचा फोटो आला की पैसे पाठवाच, पण त्या घराला केईएमचं कुणी सांगितलंय का, तेही विचारा.