जिंकले की आपले, हरले की परके!

संघात नाना वंशांचे, नाना देशांचे खेळाडू घेतले की एकजूट मोडते आणि कामगिरी घसरते, अशी ओरड युरोपच्या फुटबॉलमध्ये अधूनमधून होतच असते. उलट, विविधता आली की विजय ठरलेलाच, असे सांगणारेही आहेत. आमच्या मते दोघेही पुरावा न तपासताच निकाल देतात.

१९६७ साली युरोपियन कप जिंकणाऱ्या सेल्टिकचे सारे खेळाडू ग्लासगोच्या तीसेक मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. २०१० साली इंटर मिलानने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा अंतिम सामन्याच्या पहिल्या अकरांत एकही इटालियन नव्हता. म्हणजे दोन्ही तऱ्हेचे संघ जिंकतात. पण सेल्टिकचा दाखला देणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. आयरिश कॅथलिकांच्या या क्लबचे प्रशिक्षक जॉक स्टीन प्रोटेस्टंट होते. त्याच शहरातला रेंजर्स क्लब मात्र कित्येक दशके कॅथलिक खेळाडूंना दूर ठेवत राहिला. १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतले तेव्हा शहरात गदारोळ झाला. तेव्हा खरा प्रश्न संघात किती रंग आहेत हा नाही. दार कोणासाठी बंद आहे, हा आहे.

कायद्यानेही एक दार उघडले. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्यात युरोपीय संघातील नागरिकांवरची राष्ट्रीयत्वाची मर्यादा क्लब फुटबॉलपुरती रद्द केली. चारच वर्षांनी, २६ डिसेंबर १९९९ रोजी, चेल्सीने एकही ब्रिटिश खेळाडू नसलेले अकरा जण मैदानात उतरवले आणि साउदॅम्प्टनला २-१ असे हरवले.

आता फ्रान्स पाहा. १९९६ मध्ये ल पेन यांनी या संघाला कृत्रिम ठरवले. १९९८ मध्ये अल्जीरियन आईबापांचा मुलगा झिदान, घानात जन्मलेला देसायी, ग्वादलूपचा थुराम यांच्या त्याच फ्रान्सने विश्वचषक जिंकला. २०१० मध्ये तसाच मिश्र संघ दक्षिण आफ्रिकेत व्यवस्थापनाशी भांडून सरावावर बहिष्कार टाकतो आणि पहिल्याच फेरीत बाद होतो. २०१८ मध्ये पुन्हा मिश्र संघ, पुन्हा विश्वचषक! मिश्रण तेच, निकाल वेगळे. मग दोष मिश्रणाचा कसा? तरीही २०१० च्या पराभवानंतर दुहेरी राष्ट्रीयत्वाच्या मुलांची प्रशिक्षण केंद्रांतली संख्या मर्यादित करण्याची चर्चा फ्रेंच महासंघाच्या बैठकीत झाली. २०११ मध्ये हे उघडकीस आले. विजयाचे श्रेय देशाला, पराभवाचे खापर वंशावर, हा न्याय कुठला? जर्मनीचा ओझिलही २०१८ मध्ये हेच बोलून राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रॅशफोर्ड, सांचो आणि साका यांनाही वर्णद्वेषी शिव्या खाव्या लागल्या.

आणि प्रशिक्षकाच्या खुर्चीचे काय? मैदानावर घाम गाळायला सगळे चालतात, निर्णय घ्यायला मात्र ठरावीकच. २०१८ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकपदांसाठी कृष्णवर्णीय, आशियाई वा अन्य अल्पसंख्याक गटातील किमान एका पात्र उमेदवाराची मुलाखत घेण्याचे जाहीर केले. स्वागत आहे. पण मुलाखत म्हणजे नेमणूक नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही.

गुणवत्तेचे ढोल पिटणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : दार सर्वांसाठी उघडल्याशिवाय गुणवत्ता मोजताच येत नाही. आणि आत घेतलेल्या माणसाला हरल्यावरही आपले मानता येत नसेल, तर तो संघ नव्हे, नुसती भरती आहे.