पुरावा कुटुंबाने आणायचा नसतो

“शाळेतल्या पोरांच्या भांडणात जात आणू नका.” मुंबईच्या अँटॉप हिलमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत ते ऐकू येतं, खाली संगमनगरात ऐकू येतं, पालकसभेत तर हमखास. म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना शांतता हवी असते, शाळेचं नाव टिकायला हवं असतं आणि आपली मुलं एकत्र वाढताहेत याचा त्यांना मनापासून अभिमान असतो. तो अभिमान खोटा नाही. तमिळ, मल्याळी, बिहारी, वऱ्हाडी, कोकणी, ईशान्येकडची अशी सगळी मुलं एका बाकावर बसून वाढतात, अशा जागा मुंबईतही फार नाहीत. म्हणूनच या वाक्याला नीट उत्तर द्यायला हवं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. भांडणात जात कुणी बाहेरून आणत नाही, ती तिथे आधीच असते. आपल्या हातात एवढंच असतं की तिची नोंद करायची की नाही. ती केली नाही, की पुढे पुरावा गोळा करण्याचं ओझं मार खाल्लेल्या मुलाच्या आईबापांवर येऊन पडतं. ते ओझं त्यांचं नाही. आजवर महाराष्ट्रात ते त्यांच्यावर टाकलं गेलं, आणि त्याचे परिणाम आपण पाहिले आहेत.

नोंद न होणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. वसाहतीतल्या एका घरातला सहावीतला मुलगा शर्टाची कॉलर फाटून घरी आला. चार जणांनी त्याला शाळेच्या मुतारीत अडवलं होतं. रंगावरून चिडवलं, मग जातीवरून, मग ढकललं. डायरीत बाईंनी लिहिलं होतं, “मुलांमध्ये मारामारी झाली. सर्वांना समज दिली आहे.” मुलाची आई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. तिला कुणाला शिक्षा नको होती. मुलाला जे शब्द ऐकवले गेले, ते शाळेच्या दप्तरात लिहून घ्या, एवढंच ती म्हणत होती. तिला उत्तर मिळालं, “ताई, असं लिहिलं तर प्रकरण वाढेल. मुलं लहान आहेत.” ती परत आली. त्या डायरीच्या पानावर आजही मारामारीच आहे. मारणारे कोण, मार खाणारा कोण, कशावरून मारलं, यातलं काहीही नाही. उद्या त्या मुलाचं आणखी काही बरंवाईट झालं आणि कुणी मागचे कागद मागवले, तर शाळा खऱ्या मनाने सांगू शकेल की आमच्याकडे तक्रार नव्हती.

मुलं लहान आहेत म्हणून लिहायचं नाही, या युक्तिवादाचं पुढे काय होतं हे पाहायचं असेल तर खर्ड्याला जावं लागेल.

तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, जामखेड तालुका, खर्डा. 28 एप्रिल 2014. नितीन आगे हा 17 वर्षांचा दलित मुलगा गावातल्या शाळेत गेला होता. तो एका मराठा मुलीशी बोलतो, एवढं कारण होतं. फिर्यादीनुसार त्याला शाळेच्या आवारातच मारहाण झाली, तिथून त्याला बाहेर नेलं, पुन्हा मारलं आणि शेवटी गावाबाहेर झाडाला लटकवलं. शाळेचं आवार, दिवसाउजेड, शिक्षक, शिपाई, विद्यार्थी. गुन्ह्याची सुरुवात इतक्या डोळ्यांसमोर झाल्याचं फिर्यादीतच आहे, असे खटले थोडे असतात. मजुरी करून जगणाऱ्या त्या आईवडिलांना तेव्हा वाटलं असेल, की एवढ्या लोकांनी पाहिलं आहे, आता न्याय मिळेल.

नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयाने खटल्यातल्या सगळ्या नऊ आरोपींना निर्दोष सोडलं. साक्षीदार एकामागून एक उलटले होते. त्यांत शाळेशी संबंधित माणसंही होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की न्यायालयाने सोडलं म्हणजे ते निर्दोष, आता जातीचा विषय संपला. सुटलेल्या माणसांना मी दोषी म्हणत नाही, तो अधिकार न्यायालयाचाच आहे. पण एक मुलगा सकाळी शाळेत गेला आणि घरी परतला नाही, ही गोष्ट कुठल्याही निकालाने पुसली जात नाही. निकालाने एवढंच सांगितलं की सरकारी पक्षाने आणलेला पुरावा पुरेसा नव्हता. हा सरकारी पक्षाच्या कामावरचा ताशेरा आहे. नितीनच्या वडिलांनी काय कमी केलं? ते तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, निकालानंतर फेरतपासाची आणि फेरखटल्याची मागणी करत राहिले. साक्षीदाराला धीर देणं, त्याला गावाच्या दबावापासून दूर ठेवणं, त्याचा जबाब वेळेत दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेणं, ही कामं एका मजुराची नव्हेत.

आणि सरकारने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे त्याच जिल्ह्यात दिसलं. सोनईत जानेवारी 2013 मध्ये तीन दलित तरुणांचा खून झाला, कारण तेच, सवर्ण मुलीशी असलेलं प्रेम. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालवला गेला, उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते, आणि जानेवारी 2018 मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. कोपर्डीतल्या शाळकरी मुलीवरच्या बलात्काराचा आणि तिच्या खुनाचा खटलाही निकमांनीच चालवला. 2016 च्या त्या अमानुष गुन्ह्यातले तिघे नोव्हेंबर 2017 मध्ये दोषी ठरले, म्हणजे नितीनच्या खटल्यात सगळे सुटले त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात. कोपर्डीच्या कुटुंबाला न्याय मिळायलाच हवा होता. दोन दुःखांची तुलना मला करायची नाही. (फाशीच्या बाजूचा मी नाही, पण तो वाद वेगळा.) मला एवढंच दाखवायचं आहे की तपास आणि खटला नेटाने चालवण्याची ताकद या राज्यात आहे. ती खर्ड्याच्या वाट्याला आली नाही.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. “हे प्रेमप्रकरण होतं, जातीचं काय?” त्या शाळेत मुलींशी बोलणारा नितीन एकटाच मुलगा होता का? कोणतंही गाव बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेच्या आवारातून उचलून नेत नाही. कुणी बोललं तर चिडवायचं, कुणी बोललं तर घरी सांगायचं आणि कुणी बोललं तर त्याचा जीवच घ्यायचा, हे ज्या मोजपट्टीने ठरतं ती मोजपट्टी जातीची आहे. प्रेम हे निमित्त असतं. पाण्याचा हंडा, लग्नाची वरात, मोबाइलमधलं भीमगीत, ही सगळी आपल्या राज्यात निमित्तं होऊन गेली आहेत. दरवेळी निमित्तालाच कारण म्हणायचं, हा आपला जुना सोयीचा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप ॲट्रॉसिटी कायद्याबद्दलचा. त्याचा गैरवापर होतो, बघा किती आरोपी सुटतात, असं म्हटलं जातं. जरा थांबून विचार करा. नितीन आगेचा खटला कोणत्या रकान्यात गेला? सुटलेल्यांच्या. म्हणजे साक्षीदार फुटले म्हणून जो खटला पडला, तोच उद्या आकडा होऊन कायदा खोटा असल्याचा पुरावा म्हणून वापरला जातो. सुटका आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण चर्चेत त्या सर्रास एक केल्या जातात. मार्च 2018 मध्ये कराडच्या औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा सैल केला. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून तो पूर्ववत केला, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. या कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 15 अ पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणासाठीच आहे, त्यात प्रवासखर्चापासून राहण्याच्या सोयीपर्यंतची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजनाही मान्य केली. कायदा अपुरा असेल तर तो इथे, अंमलबजावणीत अपुरा आहे.

आता कुणी म्हणेल, हे खेड्यातलं झालं, आमच्या मुंबईत असं नसतं. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा वर्गातली मुलं धावली, ती फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला. हे मुंबईतच घडलं, आणि ते तेव्हा परळच्या चाळीत राहत होते. पण तो जुना काळ म्हणून सोडून द्या. आमच्यापासून नायर रुग्णालय फार लांब नाही. तिथल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी वसतिगृहात जीवन संपवलं. त्या 26 वर्षांच्या होत्या, जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातल्या. डॉक्टर होऊन पुढे शिकणारी मुलगी. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून, राखीव जागेवरून छळलं, असा कुटुंबाचा आरोप आहे. तिघींवर खटला आहे, निकाल लागायचा आहे, म्हणून त्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते कागदाबद्दल. आई आबेदा तडवी सांगत होत्या की छळाची गोष्ट आम्ही वरपर्यंत नेली होती. रुग्णालयाच्या बाजूने सांगितलं गेलं की लेखी तक्रार आमच्याकडे आलीच नव्हती. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. तरीही पायलच्या मृत्यूनंतर सगळा प्रश्न येऊन थांबला तो एका न लिहिलेल्या अर्जावर.

मुलगी गेल्यावर या आईने जे केलं ते राज्यकर्त्यांनी करायचं काम होतं. 2019 मध्ये आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात जीवन संपवलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला या दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांत भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्ये नियम केले आहेत, ते पाळले जावेत, एवढी त्यांची मागणी होती. त्या याचिकेमुळे आयोगाला नवे नियम करावे लागले, ते जानेवारी 2026 मध्ये आले, आणि देशभर विरोधाचा गदारोळ उठल्यावर त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. पोटचं मूल गमावलेल्या दोन आया सात वर्षं एका नियमावलीसाठी लढतात, याबद्दल मला संताप येतो आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

आमच्या वसाहतीतल्या ईशान्येकडच्या कुटुंबांचाही प्रश्न याच प्रकारचा आहे, फक्त तिथे चेहरा हे निमित्त असतं. जानेवारी 2014 मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी नीडो तानिया दिल्लीत लाजपतनगरच्या बाजारात मारहाणीत गेला. त्याच्या केसांची थट्टा झाली, तिथून सुरुवात झाली होती. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी वांशिक अपमानासाठी स्वतंत्र कलमाची शिफारस केली. फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, तरी ते कलम त्यांत आलं नाही. आपल्या शाळेच्या मैदानावर मुलं त्या मुलांना कोणत्या नावाने हाक मारतात, हे आपण सगळे जाणतो. ती हाकही कुठल्या दप्तरात नाही.

“असं लिहिलं की शाळेचं नाव खराब होतं,” हा शेवटचा आक्षेप, आणि मुख्याध्यापकांच्या मनातला हाच खरा. त्यांची भीती मी समजतो. पण ज्या शाळेने तक्रार लिहून घेतली, चौकशी केली आणि पालकांना बोलावून समोरासमोर बोलणं घडवलं, तिचं नाव कुणी खराब केल्याचं मी पाहिलेलं नाही. नाव जातं ते लपवल्यावर. आणि लहान मुलांचं म्हणाल, तर नोंद म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. सहावीतल्या मुलाला गुन्हेगार ठरवा असं कुणीच म्हणत नाही. शिवी देणाऱ्या मुलाशी बोलणं, ती शिवी त्याने कुठे ऐकली ते विचारणं, त्याच्या घरच्यांशी बोलणं, हे शाळेचंच काम आहे, आणि ते करायला आधी शिवी दिली गेली हे मान्य करावं लागतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळेत मारहाण झाली तर त्याच दिवशी, मूल ज्या शब्दांत सांगेल त्या शब्दांत, ती लिहिली जावी. जातीचा, रंगाचा, धर्माचा, चेहऱ्याचा उल्लेख झाला असेल तर तो गाळू नये. ज्यांनी पाहिलं त्यांची नावं तिथेच घ्यावीत, कारण तीन वर्षांनी कोर्टात ती माणसं गावाच्या, नोकरीच्या, शेजाराच्या दबावाखाली असतात. लिहिलेल्याची प्रत पालकांना द्यावी आणि मूळ कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. ज्या समितीत निम्म्याहून जास्त पालक बसतात, तिला हा कागद मागण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि अँटॉप हिलच्या प्रत्येक शाळेतल्या पालकांनी तो पुढच्याच बैठकीत मागावा. लेखी मागावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊनच बाहेर पडावं.