खर्जाची भीती

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टींचे भय वाटते: एक, अवेळी आलेल्या बदलीच्या हुकमाचे, आणि दुसरे, मुलाच्या खोलीतून ऐकू येणाऱ्या संगीताचे. पहिल्यावर इलाज नाही, हे आम्ही कारकून मंडळी पुरते जाणून आहोत. दुसरे मात्र निव्वळ अज्ञानातून आलेले आहे, आणि त्याचा समाचार घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बंगळुरातील आमच्या एका मंडळात गेल्या गणेशोत्सवात घडले ते असे. वसाहतीतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतः संगणकावर रचलेली सात मिनिटांची रचना ऐकविण्याची परवानगी मागितली. रचना डबस्टेप नावाच्या प्रकारातली. कार्यकारिणीने दीड मिनिट ऐकले आणि 'ही आपली संस्कृती नव्हे' असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल केले. त्याच कार्यकारिणीने विसर्जनाच्या दिवशी सिनेमाची गाणी कर्ण्यावरून दिवसभर वाजविली. तेव्हा मात्र संस्कृती सुखरूप होती!

जे नाकारले ते आहे तरी काय? लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन नावाचे उपनगर आहे. तेथील बिग ॲपल या तबकड्यांच्या दुकानाभोवती जमणाऱ्या स्क्रीम, बेंगा अशा अल्पवयीन पोरांच्या हातून २००० सालच्या आगेमागे हा प्रकार आकारास आला. त्याचा जनक यूके गॅरेज. या गॅरेजाचा मोटारदुरुस्तीशी संबंध नाही. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गॅरेज या नृत्यगृहावरून ते नाव आले. लंडनच्या गॅरेजवाल्यांनी आवर्तनातील चार ठोक्यांपैकी दोन गाळले, आणि ती रचना परवाना नसलेल्या रेडिओकेंद्रांवरून गावभर पोहोचविली. त्यांपैकी १९९४ साली निघालेल्या रिन्स एफएमला सरकारी परवाना मिळाला तो २०१० साली. म्हणजे फाइल तिकडेही सावकाशच फिरते! डबस्टेपने त्या गाळलेल्या जागा आणखी रुंद केल्या आणि त्यांत खर्ज भरला. हा खर्ज १९४८ नंतर जमैकाहून पोटासाठी इंग्लंडात आलेल्या लोकांनी आपल्या ध्वनिक्षेपकांबरोबर आणलेला. तीनतालातली खाली ज्याला कळते, त्याला ही मोकळी जागा परकी का वाटावी? आणि घर सोडून आलेल्यांचे हे संगीत आम्हां घर सोडून आलेल्यांना तरी का कळू नये?

आता 'आपल्या' संस्कृतीकडे वळू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ संस्थानिकांच्या मनात भरले म्हणून. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. ज्या पेटीवाचून आमच्या मंडळात नाट्यगीताचा पहिला सूरही निघत नाही, ती पेटी आली फ्रान्सहून. 'हे वाद्य आपले नव्हे' असे तज्ज्ञांनी ठरविले, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दाराबाहेर उभे केले. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. आज आमचे अध्यक्ष त्याच पेटीवर हात ठेवून दुसऱ्याला तोच शेरा ऐकवितात!

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. या प्रकारातील नव्या ध्वनिमुद्रिकांपैकी पुष्कळशा नकला असतात, हे खरे. पण दर दिवाळी अंकातील किती कविता अस्सल असतात? आवाज कानठळ्या बसविणारा असतो, हेही काही ठिकाणी खरे. रात्री दहाचा नियम या मंडळींनीही पाळावा. खर्ज मोठ्याने वाजविल्याने थोर होत नाही. पण जे वाईट तेवढेच ऐकून सर्वांवर निकाल देणे हा न्याय नव्हे. याच बंगळुरात सल्क स्टेशन या जोडीने २०१२ साली काढलेली ध्वनिमुद्रिका एकवार ऐकावी. तिचा प्रकार निराळा, चालही संथ. पण संगणकाच्या खर्जावर आपल्याकडील गळा किती स्वस्थपणे टेकू शकतो, ते त्यावरून कळेल.

आमचे भांडण संगीतापुरते नाही. क्रॉयडनच्या पोरांनी आजोबांच्या बेटाची आठवण काढीत बसण्याऐवजी, ज्या गावात राहिलो त्या गावाचे संगीत केले. आम्ही मात्र वर्षानुवर्षे पुणे-मुंबईची उष्टी पत्रावळ येथे मांडतो आणि मुले जेवायला का येत नाहीत म्हणून हळहळतो. तो मुलगा नवरात्रात आला नाही. बोलावणे धाडले तर "काका, काम आहे" एवढेच म्हणाला. आवाज अगदी नम्र होता. तोच आम्हांस लागला.

कोजागिरीला त्याला पंधरा मिनिटे द्या. दूध आटेपर्यंत ऐका, मग हवे तर नावे ठेवा. नाही तर पुढच्या पिढीकडे वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन जाताना दार उघडले नाही, तर दोष तिच्या संस्कारांना देऊ नका.